इवायाच्या कादंबरीतला चोर

भूत म्हणून या सृष्टीत काही नाही, भुताचा मुखवटा घातलेले एखादे थकलेले माणूस तेवढे असते, या सिद्धान्तावर सबंध आयुष्य उभारणारा पुरुष मी एकच पाहिला. आणि दैवयोगाने तो माझा व्याही निघाला. आमच्या भागात व्याह्याला इवाई म्हणतात. माझ्या सुनेचे हे वडील लाखनीचे. त्यांची हयात राईस मिलमध्ये मिस्त्री म्हणून गेली आणि माझी लाखांदूरच्या शाळेत संस्कृत शिकवण्यात. त्यांच्या बोटांना वंगणाचा वास, माझ्या बोटांना गंधाचा. आम्हा दोघांत समाईक अशी एकच गोष्ट होती, आमची नात.

हा सिद्धान्त त्यांना उपनिषदांत सापडला नव्हता. तो सापडला टीव्हीवरच्या एका कार्टूनमध्ये. मी नातीला रामरक्षा शिकवीत असे, आणि सुट्टीत ती लाखनीला गेली की इवाई तिला मांडीवर घेऊन ते कार्टून पाहत. तीन मुले आणि एक भित्रा बोका रंगीत मोटारीतून पडक्या जागी जातात, भूत त्यांच्या मागे लागते, आणि अखेरीस त्यांतली थोरली मुलगी भुताचा मुखवटा ओढते तो आत चौकीदार किंवा मालक निघतो. नात अर्ध्यावरच झोपी जाई. इवाई मात्र मुखवटा निघेपर्यंत जागचे हलत नसत. एकदा नातीने विचारले, "आबाजी, हे पोरं मोठे कवा होतेत?" हा प्रश्न इतका जिव्हारी लागलेला मनुष्य मी दुसरा पाहिला नाही. कुणी लेकरांना मोठे होऊ देत नाही, हे त्यांना सहन होईना. नात पंधरा वर्षांची होईल तोवर आपण स्वतःच त्यांना पंधरा वर्षांचे करून एका कादंबरीत बसवू, असा शब्द त्यांनी तिला दिला.

तेव्हापासून ती मुले लाखनीला दहावीत शिकू लागली. रंगीत मोटारीची काळी-पिवळी जीप झाली. बोका पोहे खाऊ लागला, पण ट्रकच्या भोंग्याला भिण्याचे त्याने सोडले नाही. भूत एका बंद पडलेल्या मिलमध्ये राहू लागले. मध्येच जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाल्याची अडचण उभी राहिली. "चोर साकोलीहून पुढं पळाला का गोंदिया लागते, इवाई. पोलीस दुसरे. थांबवा लागते त्याले इकडंच," असे म्हणून त्यांनी धावत्या चोराला दोन प्रकरणे एका बांधावर बसवून ठेवले. लिहिलेली वही पिशवीत घालून ते महिन्याकाठी एसटीने माझ्याकडे येत. "शुद्धलेखन पाहा जी, पण भाषा नोका धुऊ. तुमी धुतली का तिचा रंग जाते."

एकदा ते आले त्या दिवशी आमच्या घरात खिन्नता होती. माझी आचमनाची चांदीची पळी हरवली होती, आणि भांडी घासणाऱ्या शांताबाईंकडे मी असे काही पाहिले होते की त्या दुसऱ्या दिवसापासून येणार नव्हत्या. इवायांनी सुताने देव्हारा मोजला, उंबऱ्यावरची राख हुंगली, मला पंधरा प्रश्न विचारले. आम्ही हसलो. संध्याकाळच्या आत पळी देव्हाऱ्यात होती. "मागं पडली होती," ते म्हणाले. त्या रात्री पोथी उघडली तेव्हा मला दोन पानांत पळीच्या दांड्याचा लांबट वण दिसला. खूण म्हणून मीच ती तिथे ठेवली होती. इवायांनी पोथी उघडून पाहिली होती, आणि माझे नाव राखले होते. मीही हे कुणाला सांगितले नाही. शांताबाई दुसऱ्या दिवशी मुकाट्याने कामावर आल्या. त्याचे श्रेय मी माझ्या क्षमाशीलतेला दिले.

कादंबरी शेवटच्या पानाशी येऊन अडली. मुखवट्याआड कोण, हे ठरेना. खोट्या नावाचा चोर इवायांना मान्य नव्हता, आणि जित्या माणसाला न विचारता मुखवटा चढवणे त्यांना पाप वाटे. म्हणून ते घरोघर संमती मागत फिरले. "तुमाले चोर केलं तं चालन का?" किराणावाला म्हणाला, "चालते, पण दुकानाचं नाव मोठ्या अक्षरात टाका." एसटीचे कंट्रोलर म्हणाले, "करा ना बाप्पा, फक्त मले पकडाले पोलीस नको, महिला पोलीस पाठवा." परंतु ज्याला विचारावे तो चौकात जाऊन सांगे, "या पुस्तकातला चोर मीच हावो!" आठ दिवसांत लाखनीला तेरा चोर झाले, आणि एकाचेही रहस्य उरले नाही.

अखेर ते माझ्याकडे आले. पुढ्यात आलेला चहा त्यांनी बाजूला सारला. मग म्हणाले, "इवाई, तुमी बोलत नाही कोनापाशी. तुमच्यावर कोनालेच संशय येनार नाही. तुमी व्हाल का?"

मला ती पळी आठवली. हा मला टोचतो आहे असे वाटून मी ताठ झालो. "व्याहीबुवा, गंध लावणाऱ्या माणसाला चोर दाखवणे शोभत नाही," असे मी म्हणालो.

"बरं, राहू द्या. च्या घ्या," ते म्हणाले.

मुलीचा बाप मुलाच्या बापापाशी एक गोष्ट दुसऱ्यांदा मागत नाही, ही आमच्याकडची रीत. ती त्यांनी पाळली, आणि मी ती त्यांना पाळू दिली. नात पंधरा वर्षांची झाली, सोळाची झाली, शिकायला नागपूरला गेली. वही आली नाही. गेल्या हिवाळ्यात छातीत कफ साठून इवाई गेले.

तेरवी झाल्यावर नात ती वही घेऊन माझ्यापुढे बसली. शेवटच्या पानावर लिहिले होते, "थोरलीनं मुखवटा ओढला आन्" आणि खाली पान कोरे.

"आजोबा, तुमी तर सारं तपासलं. कोन होतं?"

"उद्या सांगतो," मी म्हणालो.

सकाळी शांताबाई आल्या तेव्हा मी त्यांना ओसरीवर बसायला सांगितले, आणि पळी पोथीत मीच ठेवली होती हे हात जोडून सांगितले. त्यांनी पदराने हात पुसले.

"मले मालूम हाये, गुरुजी. तुमच्या इवायांनी तवाच घरी येऊन सांगतलं. मनत, बाई, काम नोको सोडू. गुरुजी सोताच सांगतीन एक दिवस, वाट पाहाजो." मग त्या म्हणाल्या, "लय दिस लावले जी तुमी."

मी वही उघडली. त्यांच्या अर्ध्या वाक्यापुढे मी माझे संपूर्ण नाव लिहिले. आत लाखांदूरचे गुरुजी निघाले, कपाळावर गंध तसेच. पुढे त्या मुलांनी काय म्हणावे हे मला सुचेना. विचारायला इवाई नव्हते. मग मी त्यांचेच बोल थोरलीच्या तोंडी घातले, "बरं, राहू द्या. च्या घ्या," आणि न धुता तसेच ठेवून वही नातीच्या हाती दिली.