भोंगाबाई डबल बेल देत नाही

कंडक्टरबाईंचा आवाज मुळातच दणदणीत. खचाखच भरलेल्या बसमध्ये मागच्या दारातून पुढच्या माणसाला हलवायचं, तर कुजबुजून कसं चालेल? दारातल्या पायरीवर कुणी लोंबकळलं की त्या ओरडत, "वर या, नाहीतर घरी चालत जा!" माणूस निमूट वर येई. मग त्या दोरी ओढून डबल बेल देत आणि ड्रायव्हर गाडी सोडी. एक टोला थांबायचा, दोन निघायचे, एवढंच त्या दोघांचं दिवसभराचं बोलणं.

त्याच बसने एक व्यंगचित्रकार वर्तमानपत्राच्या कचेरीत जायचे. एकदा बाईंनी त्यांनाही पायरीवरून झापलं. लगेच पेपरात भोंगाबाई अवतरली. हे एवढं नाक, तोंडाच्या जागी कर्णा, आणि खाली बाईंचं वाक्य जसंच्या तसं. लोकांनी ती डोक्यावर घेतली. पुढे टीव्हीवर तिची मालिका आली, पोरांच्या डब्यांवर आणि छत्र्यांवर तीच. बाईंच्या सासूबाईंनी तर पहिलं चित्र कापून फ्रिजवर चिकटवलं. "नाक जरा जास्त झालंय, बाकी तूच गं," म्हणत पोट धरून हसल्या. बाईही हसल्या. चित्र होतंच झकास, उगाच खोटं कशाला बोला?

पण बसमध्ये भलतंच सुरू झालं. ते वाक्य बाईंच्याच तोंडून ऐकायचं म्हणून चांगले धडधाकट, शिकलेसवरलेले लोक मुद्दाम पायरीवर लोंबकळू लागले. बाई ओरडल्या की टाळ्या! जितकं रागवावं तितका यांना चेव. वर मात्र कुणी येईना. एकदा गाडी खोळंबली, म्हणून बाईंनी वैतागून तशीच डबल बेल दिली. टाळी वाजवायला एका कॉलेजातल्या मुलीने दांडा सोडला आणि ती रस्त्यावर आपटली. मनगट मोडलं. मागून दुसरी गाडी येत नव्हती म्हणून बरं.

बाई घरी आल्या त्या तडक फ्रिजसमोर. "आई, माझ्या ओरडण्याला आता कुणी भीक घालत नाही हो," म्हणाल्या आणि रडल्या. सासूबाईंनी नखाने चित्र खरवडून काढलं.

त्यानंतर बाईंनी ओरडणं सोडलं. पायरी रिकामी झाल्याशिवाय डबल बेल नाही, मग कुणी कितीही बोंबलो. तक्रारी गेल्या. डेपो मॅनेजरने बोलावून घेतलं. हा माणूस आयुष्यात कधी पायरीवर उभा राहिला नसेल, पण तोरा असा की बस यानेच जन्माला घातली.

"आपण गाडीवर भोंगाबाई रंगवतोय. उद्घाटनाला व्यंगचित्रकार स्वतः येणार. ते पायरीवर उभे राहतील, तुम्ही ओरडायचं. नखरे केलेत तर गाडीवरून काढून स्टोअरमध्ये बसवीन."

बाई "बघते" एवढंच म्हणाल्या.

उद्घाटनाला गाडी नवरीसारखी सजलेली. व्यंगचित्रकार दांडा धरून पायरीवर उभे राहिले, कॅमेरे सरसावले. माणूस तसा सज्जन, हसतही छान होता.

"साहेब, वर या," बाई साध्या आवाजात म्हणाल्या.

"असं नाही हो बाई! तुमचं ते वाक्य!"

"ते वाक्य माणूस वर यावा म्हणून होतं. तुमच्या चित्रापासून लोक ते ऐकायला लोंबकळतात. याच पायरीवरून एक पोरगी पडली, साहेब."

व्यंगचित्रकारांचं हसू मावळलं. मॅनेजर दातओठ खात पुटपुटला, "फोटोपुरतं ओरडा एकदा. स्टोअर लक्षात आहे ना?"

"आहे. उद्या बसवा. आज गाडी माझी आहे." बाईंनी दोरी मुठीत धरली. "ओरडायला तुमची भोंगाबाई आहे की, बाहेर पत्र्यावर. सांगा तिला. डबल बेल मात्र मीच देणार, आणि पायरीवर माणूस असताना देणार नाही."

पुढे आपल्या सीटवरून ड्रायव्हरने हे सगळं ऐकलं आणि इंजिन बंद केलं.