खांबावरची डबी

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये उभा जन्म काढलेल्या आत्याला आता कमी ऐकू येतं. त्यामुळे घरात सगळेच तिच्याशी ओरडून बोलतात, आणि तिला राग येतो तो नेमका त्याचाच. "कानाशी बोंबलू नका रे, नीट बोला," ती म्हणते. पण ऐकतो कोण!

गच्चीवर तिच्या हौशी रेडिओचा खांब आहे, त्यावर ऐकण्याचा अँटेना. डोंगरापलीकडचे एक म्हातारे मास्तर रविवारी सकाळी आपल्या तुटपुंज्या ताकदीच्या संचावरून तिला हाक घालतात. अलीकडे मात्र नुसती खरखर यायची. भाच्याला त्या जागेवर सोलर पॅनेल हवं होतं.

"या रविवारी मास्तर ऐकू आले नाहीत, तर खांब उतरवायचा. कबूल?"

"कबूल. आणि आले तर पुन्हा खांबाचं नाव काढायचं नाही."

"त्यापेक्षा फोन कर ना त्यांना!"

"फोन काय, कुणीही करतं."

आत्याने रेडिओच्या सामानाचं दुकान गाठलं. दुकानदाराने अँटेनाचा क्षीण आवाज वाढवणारा, सगळ्यात जोरकस प्रीअँप्लिफायर पुढे सरकवला. "काकू, आवाज असा वाढेल की शेजारी भांडायला येतील."

"आणि खरखर?"

"तीही वाढणारच की."

"मग घरची माणसं काय वाईट आहेत? ज्याची स्वतःची खरखर सगळ्यात कमी, तो दाखवा."

त्याने नाखुशीने एक लहानशी डबी काढली. "ही आवाज फार वाढवत नाही हं."

"नाही वाढवला तरी चालेल."

घरी भाच्याने डबी रेडिओशेजारी ठेवली.

"इथे नाही. वर, अँटेनाच्या बुडाशी."

"आत्या, खांबावर चढणार कोण?"

"एवढ्या लांब केबलमधून खाली येईपर्यंत आवाज अर्धमेला होतो. मेल्यावर औषध पाजून काय करू? सरक, मी चढते."

तिने शिडीवर खरंच पाय ठेवला, तेव्हा भाचा पुटपुटत वर गेला.

रविवारी रेडिओ लावला. खरखर पार खाली बसली होती, पण मास्तरांचा पत्ता नव्हता. पॅनेलवाला दारात येऊन उभा राहिला.

"आवाज वाढव तरी!" भाच्याने बटणाकडे हात नेला. तिने तो झटकला.

"हात लावायचा नाही."

ती केसभर इकडे, केसभर तिकडे स्टेशन जुळवायचं बटण फिरवत राहिली. आणि अगदी तळातून, मुंगीच्या पावलांनी, मास्तरांचा खोकला आला, मग हाक. भाच्याने कान लावला.

"त्या दारातल्याला सांग, दुसरं छप्पर बघ म्हणावं," आत्या म्हणाली. "आणि हळू सांग. मास्तर बोलतायत."