मिटलेल्या डोळ्याची तलवार

नाटक कंपनीत तिला सगळे सुतारमावशी म्हणत. हात सोन्याचा, जीभ करवतीची. नाटकातला नायक शपथ घेतो, की शब्द संपतील त्या दिवशीच तलवार उपसेन. आणि पडदा पडेपर्यंत त्याचे शब्द काही संपत नाहीत. म्हणून मावशीने त्याच्या तलवारीच्या शिसवी मुठीवर एक मिटलेला डोळा कोरला होता. झोपलेली तलवार! ती बघायला लोक लांबून येत. म्यान मात्र आतून रिकामंच होतं.

"जी उपसायचीच नाही, तिला पातं कशाला?" ती दिग्दर्शकावर खेकसली होती. "लाकूड काय झाडाला लागतं?"

एका प्रयोगात नवा नट भान विसरला. शत्रू अंगावर आला तशी त्याने तलवार खसकन उपसलीच. हातात नुसती मूठ!

विंगेत मावशी करवादली. "मेल्या, मातीत घातलंस सगळं!" आता हशा उसळणार म्हणून तिने डोळे गच्च मिटले.

हशा आला नाही. तिने डोळे उघडले, तर शत्रू झालेल्या नटाने, संहितेत नसताना, आपली लखलखती तलवार खाली ठेवली होती. सगळं प्रेक्षागृह श्वास रोखून बसलं होतं. पहिल्या रांगेतली एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "अगं बाई! म्हणजे हा आजवर नुसत्या शब्दावर लढत होता!"

तलवार मावशीनेच घडवली होती. कळली मात्र आत्ता.