दोन माळांवरचे कंदील

कराड सोडलं तेव्हा मागच्या सीटवर दोन सारखेच डबे होते. एकात शबानाच्या अम्मीने दिलेला खिमा, दुसऱ्यात बुटांच्या खोक्यात सापडतात तसले ओल शोषणारे खडे. शबानाने खड्यांच्या डब्यावर ‘खाऊ नये’ असं लिहिलं आणि आम्ही निघालो.

शबाना मलकापूरची, माझ्याबरोबर वनस्पतिशास्त्र शिकवते. खर्पुडी या वेलीला कंदिलासारखं फूल येतं. टोकं जुळलेल्या पाकळ्या आणि खाली अरुंद नळी. माशी आत उतरते, नळीतल्या केसांमुळे अडकते आणि केस सुकले की पराग घेऊन सुटते. असे कंदील वडूजजवळच्या माळावर होते आणि सांगली जिल्ह्यातल्या एका माळावरही. दोघांचं घराणं एकच, की कंदील दोनदा वेगवेगळा घडला? नुसतं बघून ते कळत नाही. पानातला डीएनए तपासावा लागतो आणि त्यासाठी पान खड्यांत वाळवावं लागतं.

वडूजला पान सहज मिळालं. उतरताना शबाना घसरून निवडुंगावर बसली. पुढचा प्रवास तिने मागच्या सीटवर पालथं झोपून केला.

सांगलीकडच्या माळाखालच्या वस्तीवर एक निवृत्त सुभेदार वाट बघत होते. ‘खर्पुडीसाठी येतोय’ असा फोन आम्ही त्यांना आधीच केला होता. त्यांनी ताट पुढं ठेवलं. त्यात उकडलेले पांढरे कंद होते, वर मीठ-मिरची.

“घ्या. तुमच्यासाठी सगळा माळ पालथा घातला.”

“आवं काका, सगळी खर्पुडी काढली?” शबाना म्हणाली.

“व्हय. पावणं काय रोज येत्यात?”

“आन् वेल?”

“शेरडांपुढं टाकली.”

शबाना लंगडत गोठ्याकडे धावली. सुभेदारांच्या पत्नी, काकी, तिच्याही पुढे पोचल्या आणि एका शेळीच्या तोंडातून त्यांनी वीतभर वेल ओढून काढली. तिला मोजकी पानं होती आणि एक चेंगरलेलं फूल. शबानाने पानं पुसली, खड्यांत ठेवली, आणि मग उभ्या उभ्याच रडली.

ताटातले कंद आम्ही खाल्ले. नाही म्हणणं शक्य नव्हतं. दुर्मीळ वनस्पती मी पहिल्यांदाच पोटभर खाल्ली. चव बरी होती. टोपलीत थोडे कच्चे कंद उरले होते. ते घेऊन आम्ही चौघं माळावर गेलो आणि परत पुरून आलो. खड्डे सुभेदारांनीच खणले.

कराडला परतल्यावर बरेच महिने गेले. निकाल आला तेव्हा शबानाने त्यांना फोन लावला.

“काका, तुमच्या वेलीची जवळची भावंडं उघड्या, बिनकंदिलाच्या फुलांची निघाली. वडूजच्या वेलीशी तिचं तसं जवळचं नातं न्हाई.”

“म्हंजी वडूजवाल्यांचं बघून केलं न्हाई?”

“न्हाई. कंदील तिनं आपला आपणच घडवलाय.”

“मग ठीक हाय,” सुभेदार म्हणाले. आवाज छाती पुढे काढल्यासारखा होता.

सारखं दिसतं ते एका रक्ताचं, असं मी आजवर धरून चालले होते. माशीला अडकवायची गरज सारखी असली, की परकीसुद्धा एकाच आकाराला येतात.

पुढच्या पावसाळ्यात माळावर पुन्हा वेली चढल्या. सुभेदारांनी त्यांना काटेरी कुंपण घातलं आणि एकही कंद उकडला नाही, असं काकी सांगतात. सुभेदारांना विचारलं तर ते म्हणतात, कुंपण शेरडांसाठी हाय.