रविवारचा पट्टा

“हे एकट्याचं काम नव्हे. जरा येता का?”

रविवारी सकाळी कुंपणापलीकडून ही हाक आली की मी वर्तमानपत्र बाजूला ठेवून उठत असे. मुलुंडला आमच्या शेजारच्या बैठ्या घरात काका एकटेच राहत. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा नागपूरला नोकरीत. घरासमोर एक जुनी विलायती मोटार. इंग्रज गेले तेव्हा कचेरीतल्या साहेबानं निघताना ती त्यांना देऊन टाकली होती. असा एखादा माणूस तुमच्याही शेजारी असेल.

काम म्हणजे पंख्याचा पट्टा ताणायचा. हा रबरी पट्टा इंजिनाचा पंखाही फिरवतो आणि डायनामोही. सैल पडला की घसरतो, इंजिन तापतं. मी लोखंडी कांबेनं डायनामो रेटून धरायचा, काकांनी पान्यानं बोल्ट आवळायचा. मग ते पट्टा अंगठ्यानं दाबून बघत आणि मलाही बघायला लावत. “अर्धा इंच दबला पाहिजे. जास्त नको, कमीही नको.” पाच मिनिटांत काम आटपे. त्यानंतरचा चहा मात्र तासभर चाले. दोन कप आधीच धुऊन पुसून ठेवलेले असत.

गाडी आठवड्यात मैलभरही चालत नसे, मग पट्टा दर रविवारी सैल कसा होतो, असं माझ्या बायकोनं एकदा विचारलं. मी ते हसण्यावारी नेलं.

तिच्या पहिल्या बाळंतपणाला अजून पंधरा दिवस होते. एका शनिवारी संध्याकाळी अचानक कळा सुरू झाल्या. सूतिकागृह घाटकोपरला. काकांनी मी विचारायची वाट पाहिली नाही, गाडी सरळ आमच्या दारात आणून उभी केली.

भांडुप मागे पडलं आणि पट्टा किंचाळायला लागला. विक्रोळीच्या अलीकडे वाफ निघाली. आजूबाजूला घर नाही, माणूस नाही. मी उतरू लागलो, तर काका म्हणाले, “तुम्ही त्यांच्याजवळ बसा.”

खिडकीतून डोकं काढून मी पाहत होतो. एका हातानं कांब रेटून, दुसऱ्या हातानं पाना फिरवून काकांनी एकट्यानं पट्टा ताणला. सराईतपणे. मग इंजिन निवेपर्यंत थांबावं लागलं. तेवढा वेळ बायको माझं मनगट धरून कण्हत होती.

काका स्टिअरिंगशी येऊन बसले. मागे न बघता म्हणाले, “चूक माझी. उद्यासाठी तो मीच सैल करून ठेवला होता. घाईत विसरलो.”

मी बायकोच्या कपाळावरचा घाम पुसला.

आम्ही वेळेवर पोचलो. मुलगी झाली, सगळं सुखरूप पार पडलं. बाराव्या दिवशी काका झबलं घेऊन आले, दारातूनच देऊन गेले. त्यानंतर रविवारची हाक आली नाही. मी रागावलो होतो का? थोडा होतो. पुढे राग गेला, पण तोवर जायची सवय मोडली होती. रविवारी खिडकीतून ते दिसत. बंद गाडीत पुढच्या सीटवर पेपर वाचत बसलेले.

वर्षभरानं मुलगा आला आणि त्यांना नागपूरला घेऊन गेला. गाडी कुणीतरी विकत नेली.

उन्हाळ्यात त्यांचं पोस्टकार्ड आलं. मुलगी चालायला लागली का, असं विचारलं होतं. कधी इकडे येणं झालं तर कोणत्या गाडीनं येता ते कळवा, मी स्टेशनवर येईन, असंही होतं. उत्तर आज लिहू, उद्या लिहू म्हणता पावसाळा संपला. दिवाळीत लिहिलं.

त्याला जबाब आला तो मुलाचा. वडील भाद्रपदात गेले. खाली त्यानं लिहिलं होतं: ‘शेवटचे काही महिने ते रोज मुंबईच्या गाडीच्या वेळेला स्टेशनवर जाऊन बसत. गाडी रिकामी झाली की परत येत. कुणी यायचं होतं का, याची तुम्हाला काही कल्पना आहे का?’