उजव्या खांद्यावरून

जगातल्या कुठल्याही मुलात खोट काढता येते, यावर आमच्या साडूंची जेवढी श्रद्धा आहे तेवढी आमच्या पुण्याच्या सासूबाईंचीही नव्हती. आणि आम्हा दोघांना पसंत करण्याआधी सासूबाईंनी काय काय तपासलं होतं, ते मला चांगलं आठवतं. फरक इतकाच, की सासूबाई लग्नासाठी मुलगे बघायच्या आणि साडू आइस हॉकीसाठी बघतात. त्यातही फक्त डिफेन्समन, म्हणजे मागे राहून आपला गोल राखणारे. "गोल काय, कोणीही करतं हो," असं म्हणून बाकीच्यांना ते निकालात काढतात. स्वतः साडू आयुष्यात एकदाच बर्फावर उभे राहिले, तेही कठड्याला मिठी मारून, आणि ती मिठी सोडवायला दोन माणसं लागली. पण परीक्षकाने आधी स्वतः पास व्हावं असा नियम कुठे आहे?

नोकरी इंग्लंडात, बेसिंगस्टोकच्या बिझनेस पार्कमध्ये, सॉफ्टवेअरची. पण ती आपली पोटापुरती. खरं काम शनिवारी, बर्फाच्या मैदानावर, म्हणजे रिंकवर. अंगात दोन स्वेटर, डोक्याला माकडटोपी, शेजारी आल्याच्या चहाचा फ्लास्क, आणि समोर कोवळी पोरं एकमेकांवर आदळत असताना चेहऱ्यावर मुलगी बघायला आलेल्या वरमाईचे भाव. अमेरिका-कॅनडातले मोठे संघ दर वर्षी अठरा वर्षांची पोरं पाळीपाळीने निवडून घेतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. त्यात कोण कितवा जाणार हे साडू महिनोन्‌महिने आधी सांगतात, आणि ते चुकलं की चूक अर्थातच त्या संघाची असते. "पकाकडे बघू नका," ते मला दरडावतात. पक म्हणजे ती काळी रबरी चकती. सगळं स्टेडियम तिच्याकडे बघायला पैसे मोजून आलेलं असतं. "ती कोपऱ्यात गेली की पोरगा तिच्यामागे धावतो. धावायच्या आधी खांद्यावरून मागे बघतो का, ते बघा. जो बघत नाही तो आपटतो. दोन्ही खांद्यांवरून बघायला हवं."

उंचीचा प्रश्न तर फारच नाजूक. पोरगा अजून किती वाढेल हे कळायला इतर जाणकार आईबापांकडे बघतात. साडूंना ते पुरत नाही, कारण आपल्याकडे मुलगा मामावर जातो. म्हणून एकदा चिप्सच्या रांगेत त्यांनी एका अनोळखी बाईला गंभीरपणे विचारलं, "एक्स्क्यूज मी, हाउ टॉल इज युअर ब्रदर?" बाई भली. तिने भावालाच आणून उभं केलं. साडूंनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, "थँक यू" म्हटलं आणि माझ्या कानात पुटपुटले, "पोरगा अडकणार. मामा बुटका आहे." तो मामा अजूनही मला कार पार्कमध्ये भेटला की संशयाने बघतो.

अशा माणसाच्या पोटी डिफेन्स खेळणारी मुलगी यावी, हा दैवाचा न्याय. सतरा वर्षांची, उंच (मामावर गेलेली), आणि उलट्या दिशेने स्केटिंग अशी करते की आपण सरळ चालतो ते लाजिरवाणं वाटावं. खोट एकच: ती फक्त डाव्या खांद्यावरून मागे बघते. जेवताना, गाडीत, दिवाळीच्या फराळाच्या ताटावरही साडू म्हणायचे, "उजवा!" आणि ती म्हणायची, "बाबा, प्लीज. मी चकली खातेय."

गेल्या हिवाळ्यात कॅनडातल्या एका शाळेचा कोच तिला बघायला आला. पसंत पडली तर शेवटची दोन वर्षं तिकडे, शिक्षण आणि हॉकी दोन्ही. पोरीचा जीव त्यात अडकला होता. मॅच छान झाली. कोच हसत हसत आमच्याकडे आला, आणि ताई, म्हणजे माझ्या बायकोची मोठी बहीण, त्याला चिवडा देतात न देतात तोच साडू म्हणाले, "शी नेव्हर चेक्स हर राइट शोल्डर."

गाडीत ताई एवढंच म्हणाल्या, "अहो, आपल्याच पोरीचं स्थळ कोणी मोडतं का?" साडू म्हणाले, "खरं ते सांगितलं." इतका खरेपणा त्यांना नेमका त्याच दिवशी का सुचला, हे मी विचारलं नाही. घराचं वळण मागे गेलं, ते त्यांना दोन सिग्नलनंतर कळलं.

कोचने ती खोट पहिल्याच मिनिटात हेरलेली होती. "वी कॅन टीच दॅट," असं त्याने कळवलं, आणि पोरीला घेतलं.

उन्हाळा सरता सरता आम्ही तिला हीथ्रोला सोडायला गेलो. सिक्युरिटीच्या रांगेपाशी आम्ही सगळे डावीकडे उभे होतो; साडू एकटेच पलीकडे, उजव्या बाजूला, कचऱ्याच्या डब्याला खेटून. मी बोलावलं तरी येईनात. पोरीने डाव्या खांद्यावरून वळून आम्हाला हात केला. ताई रडल्या, माझी बायको रडली. पोरगी पुढे गेली, ट्रे उचलला, आणि आता दिसेनाशी होणार इतक्यात थांबली आणि उजव्या खांद्यावरून वळली.

मी साडूंजवळ गेलो. आता निकाल ऐकायला मिळणार, अशी माझी खात्री होती. ते अजून तिकडेच बघत होते.

"जरा उशिरा बघितलं," ते म्हणाले, आणि माकडटोपी नसतानाही ती नीट करावी तसा हात कपाळावरून डोळ्यांपर्यंत फिरवला. "पण बघितलं हो."