रिकाम्या खोलीतला पंखा

मी चौथी शिकलेला माणूस. विद्यापीठात एकतीस वर्षं काढली, पण स्टुलावर. प्राध्यापकांच्या खोल्यांबाहेर लांब व्हरांडा होता, तिथं माझं स्टूल असायचं. आत कोणाला सोडायचं आणि कोणाला परत पाठवायचं हे माझं काम. शिपाई. म्हणून शिकल्या-सवरल्या लोकांबद्दल मी जे सांगतो ते स्टुलावरून पाहिलेलं आहे. तिथून फार नीट दिसतं, कारण स्टुलावरच्या माणसाकडे कोणी पाहत नाही.

सकाळी साडेदहाला मी खोल्या उघडायचो. टेबल पुसायचं, पाण्याचा जग भरायचा. मग ट्यूबलाइट लावायची, पंखा तीनवर ठेवायचा, खुर्चीच्या पाठीवर टॉवेल टाकायचा, टेबलावर एक पुस्तक पालथं घालायचं आणि त्याच्यावर चष्म्याचं रिकामं घर. दार अर्धं उघडं. झाले साहेब हजर. साहेब तेव्हा घरी दुसरा चहा पीत असायचे. पोरं यायची, दारातून डोकावायची, पंखा पाहायची आणि बाकावर बसायची. मला विचारायची. मी म्हणायचो, इथंच कुठं गेले, येतीलच आता, बस.

हे काम मला कोणी लेखी दिलं नव्हतं. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात एका साहेबानं समजावलं होतं, की दार बंद दिसलं तर पोरं वर तक्रार करतात, उघडं दिसलं तर वाट पाहतात. त्या माणसानं पूर्ण नोकरीत कोणाला काही शिकवलं असेल तर ते एवढंच, आणि मला. मी ते एकतीस वर्षं विसरलो नाही.

एकेक नमुने होते. एक साहेब सभागृहात माईकवर बोलायचे, की विद्यार्थी हा आपला केंद्रबिंदू आहे. बोलणं झालं की तेच साहेब संडासाच्या बाजूच्या जिन्यानं उतरून निघून जायचे, कारण पुढच्या जिन्यावर केंद्रबिंदू उभा असायचा. दुसऱ्या एका साहेबांना पोरांचे चेहरे आठवत नसत, पिशव्या आठवत. रामटेककडचा एक पोरगा महिनाभर बाकावर बसला, साहेब काही सापडले नाहीत. मग तो घरचा नवा तांदूळ घेऊन आला. त्या दिवशी साहेब पाच मिनिटांत सापडले. ‘अरे ये ये, बाहेर काहून बसला?’ म्हणाले. एरवी साहेब पुण्याकडचं बोलत. तांदळानं त्यांना आपली बोली आठवली.

एक बाई होत्या, त्या तशा नव्हत्या. पायऱ्यांवर पोरांमध्ये बसून त्यांच्या वह्या पाहायच्या. बाकीचे म्हणायचे की बाईंनी विभागाची चहाची टपरी केली. मीही हसायचो. त्यांच्या खोलीला स्टूलच लागत नव्हतं, मग त्यांचं वजन काय, असं मला वाटायचं. स्टुलावर बसून बसून माझीही अक्कल तेवढीच राहिली होती.

आता घरचं सांगतो. घरी मी यातलं काही बोलत नव्हतो. उलट फुशारकी मारायचो. बायको एक दिवस शाळेत गेली नव्हती. सही करायलाही तिला नातीनं शिकवलं. संध्याकाळी माझ्यासमोर ताट ठेवून ती विचारायची, ‘तुमचे साहेब पोराईशी बोलतात का चांगले?’ मी सांगायचो, की साहेब म्हणजे देवमाणूस, पोराला जवळ बसवतात, पाणी पाजतात. तिला ते इतकं आवडायचं की पुन्हा पुन्हा विचारायची. घरात साहेब चांगले असले की साहेबांचा शिपाईही थोडा चांगला होतो, म्हणून मी सांगत गेलो.

त्या गोष्टी ऐकूनच तिनं ठरवलं की नातीला शेवटपर्यंत शिकवायचं. नात माझ्या मुलीची. जावई हिंगण्याला कंपनीत पाळ्या करतो, मुलगीही कामाला जाते, म्हणून पोरगी लहानपणापासून आमच्याकडेच वाढली. ती एम.ए. झाली, मग पीएच.डी.ला लागली. माझा विभाग नाही, दुसरा. तोवर मी रिटायर झालो होतो. तिला गाईड म्हणून एक साहेब मिळाले. बायकोनं शेजारपाजारी सांगितलं की आमच्या पोरीला मोठे सर भेटले. भेटले म्हणजे काय, कागदावर भेटले. पोरगी दोन वर्षांत त्यांच्याशी किती बोलली ते तिलाच विचारा.

दीड वर्षापूर्वी बायकोला रामदासपेठेत दवाखान्यात ठेवलं होतं. फुप्फुसात पाणी झालं होतं. त्याच दिवसांत पोरीच्या एका फॉर्मवर सरांची सही पाहिजे होती, आणि शेवटची तारीख आली. पोरगी जायला तयार नव्हती. बायकोनंच तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून तिला हाकललं. ‘जा वं, सही घेऊन ये. मी काय कुठं पळून राहिली?’

अशी मुदत दर वर्षी वाढवतात. मला माहीत होतं. पण आजीनं म्हटलं आणि पोरगी निघाली, मी मधे बोललो नाही.

साडेअकराला तिचा फोन आला. मी दवाखान्याच्या व्हरांड्यात उभा होतो. ती म्हणाली, ‘आबा, सरांच्या खोलीत पंखा चालू आहे. टॉवेल पण आहे खुर्चीवर. येतीलच बहुतेक. आजी कशी आहे?’

पंखा आणि टॉवेल म्हटल्याबरोबर मला सगळं समजलं. त्या खोलीत कोणी नाही, चारला आले तरी साहेब खालूनच हजेरी लावून जातात, हे मी दोन मैलांवरून पाहिलं. मला म्हणायचं होतं की परत ये. पण तोंडातून निघालं, ‘येतीलच आता. बस.’ एकतीस वर्षं जे म्हणत आलो तेच निघालं. तिनं फोन ठेवला. मी पुन्हा लावू शकत होतो. तेवढ्यात नर्सनं गोळ्यांची चिठ्ठी हातात दिली, मी खाली गेलो, गोळ्या घेऊन वर आलो आणि स्वतःशी म्हटलं, करू थोड्या वेळानं.

बायकोनं दोनदा विचारलं, पोरगी आली का. दोन्ही वेळा मी तिला सांगितलं, येतेच आता. अडीचच्या सुमारास बायको गेली. मुलगी पायाशी होती, मी उशाशी होतो. फोन करायचं कोणाला सुचलं नाही. बाकावर बसून बसून पोरगी साडेचारला आली. फॉर्म कोराच होता.

आठ दिवसांनी कळलं की मुदत वाढली. पोरगी म्हणाली, मी जात नाही, सोडून देते हे सगळं. मी म्हटलं, एकदा माझ्यासोबत चल. तिला घेऊन गेलो, पण वर नेलं नाही. इमारतीच्या मागं कडुलिंबाखाली साहेब लोक गाड्या लावतात, तिथं नेलं. हजेरीपुरतं चार वाजता कोण कुठून येतो ते मला त्यांच्या बायकांपेक्षा जास्त माहीत आहे.

चारला पाच कमी असताना गाडी आली. साहेब उतरले, जेवून झोपून ताजे झालेले. पोरगी पुढं झाली, फॉर्म दाखवला, सांगितलं की किती दिवस येऊन बसली. साहेब म्हणाले, ‘अगं, मग आत यायचं ना. माझं दार विद्यार्थ्यांसाठी कायम उघडं असतं. कोणालाही विचार.’

मी म्हटलं, ‘दार उघडंच रायते साहेब. पंखाही चालू रायते. मानूस तेवढा नसते.’

त्यांना वाटलं म्हातारा गंमत करतो. हसले. गाडीच्या बॉनेटवर फॉर्म ठेवला आणि सही केली. न वाचता, अर्ध्या मिनिटात. मग पेन खिशात अडकवत पोरीला विचारलं, ‘तुझा विषय कोणता होता?’ दोन वर्षं तिचे गाईड असलेला माणूस. तिनं विषय सांगितला. छान छान म्हणाले आणि तिथंच उभ्या उभ्या मोबाइल काढून बोलायला लागले.

पोरगी वर बघत होती. खालून त्यांच्या खोलीची खिडकी दिसते आणि खिडकीतून पंखा. तो फिरत होता.

‘आबा,’ ती म्हणाली, ‘वर पंखा चालू आहे, तरी तुम्ही मले गाडीपाशी काहून आणलं?’

मग सांगावं लागलं. ट्यूबलाइट, टॉवेल, चष्म्याचं घर, सगळं. एकतीस वर्षांचं सांगायला फार वेळ लागला नाही.

‘त्या दिवशी फोनवर तुम्हाले माहीत होतं?’

‘होतं.’

‘मग बस काहून म्हटलं?’

मी म्हटलं, सवय. दुसरं काही खरं नव्हतं आणि तिच्याशी खोटं बोलायची ताकद नव्हती. मग तिनं विचारलं, ‘आजीले माहीत होतं, तुम्ही असं करत होते म्हणून?’

‘नाही.’

‘बरं झालं,’ ती म्हणाली.

फॉर्म फाइलमध्ये घालून ती जिना चढून वर गेली. मी मागं गेलो. व्हरांड्यात बाकावर तीन पोरं आणि एक पोरगी बसली होती. स्टुलावर एक नवा माणूस होता, ठेक्यावरचा. तो ‘मॅडम, मॅडम’ करत उठला, पण ही सरळ आत गेली. पंखा बंद केला, ट्यूबलाइट बंद केली, खुर्चीवरचा टॉवेल काढून घडी घालून टेबलावर ठेवला. बाहेर येऊन बाकावरच्यांना सांगितलं, की सर खाली गाडीपाशी आहेत, आत्ता गेलात तर सापडतील. चौघं उठून जिन्याकडे धावले. स्टुलावरच्या माणसानं माझ्याकडे पाहिलं. मी पोरीच्या मागं जिना उतरलो.

ऑटोत तिनं आमच्या दोघांच्या मधे फाइल ठेवली. त्याला आता दीड वर्ष झालं. तिचं शिक्षण चालू आहे, साहेबांना गाडीपाशीच गाठते. माझा चहा करते, औषधं देते, सगळं करते. आजीच्या शेवटच्या दिवसाचं बोलणं निघालं की मात्र उठून आत जाते. मी तिला बस म्हणत नाही.